फुटलेल्या अंड्याची हमी : अमेरिकेतील अंडी-प्रक्रिया उद्योगाची घडण

उद्योगधंद्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याचे लक्ष स्वाभाविकपणेच कापड, पोलाद, साखर अशा मोठ्या उद्योगांकडे जाते. नित्याच्या खाण्याशी निगडित असलेले धंदे बहुधा त्याच्या दृष्टीआड राहतात. अंडी फोडून त्यांतील द्रव गोठवणे, वाळवणे किंवा पाश्चरीकरण करून विकणे हा असाच एक धंदा होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आज खपणाऱ्या अंड्यांपैकी सुमारे ३० टक्के अंडी ग्राहकाच्या घरी कवचासह येतच नाहीत. ती कारखान्यात फोडली जातात आणि केक, बिस्किटे, मेयोनेझ, आइस्क्रीम किंवा उपाहारगृहातील आम्लेट या रूपाने त्याच्यापर्यंत पोचतात. एवढा मोठा उद्योग शंभर-सव्वाशे वर्षांत कसा उभा राहिला आणि त्याची आजची रचना कशामुळे ठरली, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

या विचाराला आरंभीच एक दिशा दिलेली बरी. अखंड अंड्यावर निसर्गानेच एक प्रकारची मोहोर लावलेली असते. ते दिव्यासमोर धरून पारखता येते. फोडल्यावर नासके निघाले, तर गृहिणीला ते तत्काळ कळते व ती ते फेकून देते. परंतु शेकडो अंड्यांचा द्रव एकत्र झाला, म्हणजे त्यात मिसळलेले एखादे वाईट अंडे डोळ्यांना दिसत नाही. भट्टीतून केक बाहेर पडल्यावर तर नाकालाही त्याचा पत्ता लागत नाही. ग्राहकाची पारख जेथे संपते तेथे मालाची हमी दुसऱ्या कोणीतरी द्यावी लागते. ती कोणी द्यावयाची, या प्रश्नाला वेळोवेळी जी उत्तरे मिळाली, त्यांनीच या उद्योगाची रचना प्रामुख्याने घडविली, असे आमचे प्रतिपादन आहे.

१. शिलकी मालाची वाट

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील अंड्यांचे उत्पादन हा शेतीचा जोडधंदा होता. कोंबड्या शेतघराच्या अंगणात वावरत. त्यांची देखभाल बहुधा घरातील स्त्रिया करीत, आणि अंडी गावच्या दुकानदाराला देऊन त्या बदल्यात किराणा व कापड घेत. कोंबडीचे अंडी घालणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असल्यामुळे मार्च ते जून या काळात अंड्यांचा पूर येई आणि हिवाळ्यात त्यांचा तुटवडा पडे. मिसूरी, कॅन्सस, आयोवा, नेब्रास्का ही मध्य-पश्चिमेकडील राज्ये पूर्वेच्या मोठ्या शहरांपासून दूर होती. तडकलेली, मळकट किंवा लहान अंडी एवढा प्रवास करून नीट पोचत नसत, आणि उन्हाळ्याच्या उष्म्यात चांगल्या अंड्यांचीही नासाडी होई.

या शिलकी व दुय्यम मालाला वाट करून देण्यासाठीच अंडी फोडण्याचा धंदा निघाला. मिसूरीतील सेंट लुइस येथे १८७८ मध्ये अंडी वाळवून त्यांची भुकटी करण्यास सुरुवात झाली. पुढे शतकाच्या अखेरीस द्रव डब्यांत भरून गोठविण्याची रीत आली. या दोन्ही रीतींचे आर्थिक तत्त्व उघड आहे. अंड्याच्या वजनात कवचाचा वाटा सुमारे दहावा हिस्सा असतो आणि आतील द्रवात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. कवच काढले की वाहतूक सुलभ होते व पाणीही काढले तर ती फारच स्वस्त पडते. सुमारे तीन डझन अंड्यांची एक पौंड भुकटी होते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. या अवस्थेत प्रक्रिया-उद्योग स्वतंत्र नव्हता. अखंड अंड्यांच्या व्यापारात जे विकले जात नसे, ते त्याच्या वाट्याला येई. त्याचा कच्चा माल किती व कसा असावा, हे दुसऱ्याच बाजारात ठरत होते. अशा धंद्यात मालाच्या शुद्धतेची हमी घेण्यास कोणीही बांधलेला नव्हता.

२. पिओरियाचे पन्नास डबे

हमीच्या या अभावाचा पहिला मोठा झगडा न्यायालयात झाला. १९०६ मध्ये अमेरिकेत शुद्ध अन्न व औषधी कायदा संमत झाला. त्याखाली सेंट लुइस येथील हिपोलाइट एग कंपनीने इलिनॉय राज्यातील पिओरिया येथे पाठविलेले अंड्यांच्या द्रवाचे पन्नास डबे सरकारने जप्त केले. द्रव टिकावा म्हणून त्यात बोरिक आम्ल मिसळलेले होते. कंपनीचा बचाव कायद्याच्या व्याप्तीसंबंधी होता. डबे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात येऊन पोचले होते आणि एका बेकरीच्या कोठारात पडून होते. ते तसेच पुढे विकावयाचे नसून केवळ बेकरीच्या कामी वापरावयाचे होते. अशा स्थितीत आंतरराज्य व्यापार संपलेला असून केंद्र सरकारला त्यांवर हात टाकण्याचा अधिकार नाही, असे तिचे म्हणणे होते.

१९११ च्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हा बचाव अमान्य केला. न्यायमूर्ती जोसेफ मॅकेन्ना यांनी दिलेल्या निर्णयाचा आशय असा की, भेसळयुक्त माल हा निषिद्ध माल असून तो जेथे सापडेल तेथे जप्त करता येतो. अमेरिकेच्या घटनात्मक इतिहासात हा निर्णय केंद्र सरकारच्या व्यापारविषयक अधिकाराच्या संदर्भात आजही उद्धृत केला जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्याचे महत्त्व निराळे आहे. बेकरीच्या कोठारातील डबा हा खाजगी व्यवहार नाही, त्याच्या आत काय आहे हे पाहण्याचा सरकारला अधिकार आहे, हे त्याने प्रस्थापित केले. परंतु जप्तीमुळे वाईट माल शिक्षेस पात्र ठरत होता. चांगला माल कसा तयार करावा, हे त्यातून कळत नव्हते.

३. प्रयोगशाळेची हमी

ते काम प्रयोगशाळेने केले आणि त्यात मेरी एंगल पेनिंग्टन (१८७२-१९५२) या रसायनशास्त्रज्ञ विदुषीचा वाटा सर्वांत मोठा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १८९२ मध्ये स्त्री म्हणून त्यांना पदवी नाकारून केवळ प्रावीण्याचे प्रमाणपत्र दिले. पण त्याच विद्यापीठाने १८९५ मध्ये त्यांना डॉक्टरेट दिली. सरकारी नोकरीच्या परीक्षेस त्या ‘एम. ई. पेनिंग्टन’ या आद्याक्षरांनिशी बसल्या, त्यामुळे उमेदवार स्त्री आहे हे वरिष्ठांच्या ध्यानी आले नाही. १९०८ मध्ये फिलाडेल्फिया येथील अन्न-संशोधन प्रयोगशाळेची सूत्रे त्यांच्या हाती आली.

पेनिंग्टन व त्यांचे सहकारी मध्य-पश्चिमेतील अंडी फोडण्याच्या कारखान्यांत जाऊन राहिले. कोणत्या अंड्यात किती जंतू असतात, ते द्रवात कोठून येतात, हात, भांडी व खोलीचे तापमान यांचा त्यावर काय परिणाम होतो, हे त्यांनी पायरी-पायरीने मोजले. १९१२ मध्ये गोठविलेल्या व वाळविलेल्या अंड्यांच्या निर्मितीविषयी त्यांच्या व्यवहार्य सूचनांचे एक पत्रक शेतकी खात्याने प्रसिद्ध केले. त्यांच्या कार्यातून रूढ झालेली पद्धत थोडक्यात अशी होती : अंडी फोडण्यापूर्वी थंड करून दिव्यासमोर पारखावीत. फोडण्याची खोली थंड व धुण्यास सोपी असावी. थोडीथोडी अंडी लहान पेल्यात फोडून प्रत्येक पेला हुंगून पाहावा, आणि वाईट अंडे निघताच पेला बाजूला काढून हात व साहित्य स्वच्छ केल्यावाचून पुढचे अंडे फोडू नये.

ही पद्धत अत्यंत साधी दिसते, परंतु तिच्यामुळे कारखान्याचे स्वरूप बदलले. पूर्वी एक टेबल व काही बादल्या एवढ्या भांडवलावर हा धंदा करता येत असे. आता शीतयंत्र, वाफेची सोय व शिकलेले हात आवश्यक झाले. हे हात बहुतांशी तरुण स्त्रियांचे होते. दिवसभर पट्टीच्या कडेवर अंडी फोडणाऱ्या आणि पेले हुंगणाऱ्या या कामकरी स्त्रियांच्या नाकावर त्या काळी मालाची हमी अवलंबून होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. शीतगृह असलेल्या मोठ्या मांस व अंडी व्यापाऱ्यांना हा खर्च पेलणारा होता. खेड्यातील लहान दुकानदाराला नव्हता. उद्योगाच्या केंद्रीकरणाची पहिली पायरी येथे आढळते.

४. चिनी माल आणि जकात

याच सुमारास अमेरिकन भुकटीवर मात्र संकट आले. चीनमध्ये खेड्याखेड्यांतील अंडी अतिशय स्वस्त मिळत. हँकौ, शांघाय, नानकिंग, तिएनत्सिन या बंदरी व नदीकाठच्या शहरांत युरोपीय भांडवलाने अंडी प्रक्रियेचे कारखाने निघाले. ब्रिटनच्या व्हेस्टी बंधूंचा इंटरनॅशनल एक्सपोर्ट कंपनी या नावाने चालणारा व्यवसाय त्यांत प्रमुख होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत अंडी वाळविण्याचा धंदा जवळजवळ बंद पडला आणि बेकरीवाले व मिठाईवाले चिनी भुकटी वापरू लागले.

चिनी मालाच्या यशामागे केवळ स्वस्त मजुरी नव्हती. अंड्याच्या पांढऱ्या भागात अल्प प्रमाणात ग्लुकोज असते. वाळविल्यानंतर साठवणीत त्याचा प्रथिनांशी संयोग होऊन भुकटी तपकिरी पडते व तिची फेस होण्याची शक्ती जाते. चिनी कारखान्यांत हा द्रव वाळविण्यापूर्वी काही दिवस आंबवीत. त्या आंबण्यात साखर नाहीशी होई, आणि म्हणून चिनी मालाचे स्फटिक टिकत. अमेरिकन कारखानदारांना या कृतीचे शास्त्रीय मर्म पुढे उमगले. मग त्यांनी नियंत्रित किण्वन, यीस्ट व शेवटी ग्लुकोज ऑक्सिडेझ हे विकर वापरून तेच कार्य साधले.

१९२२ व १९३० च्या जकात कायद्यांनी परदेशी अंडी-उत्पादनांवर भारी कर बसविले. त्यानंतर देशी भुकटीचा धंदा हळूहळू पुन्हा उभा राहिला. १९३७ मध्ये सुरू झालेल्या चीन-जपान युद्धाने चिनी पुरवठा आणखी अनिश्चित केला. म्हणजे दुसरे महायुद्ध उद्भवले तेव्हा अमेरिकेत वाळवणीचे कारखाने होते, परंतु थोडे होते.

५. युद्ध आणि भुकटी

मार्च १९४१ मध्ये उसनवार-पट्ट्याचा कायदा संमत झाला आणि ब्रिटनला अन्न पाठविण्याची जबाबदारी अमेरिकेने उचलली. जहाजात जागा कमी होती आणि शीतपेट्या त्याहूनही कमी होत्या. अशा वेळी अंड्याची भुकटी ही सर्वांत सोयीची ठरली. युद्धापूर्वी वर्षाकाठी एक कोटी पौंडांच्या आसपास असलेले तिचे उत्पादन १९४४ मध्ये तीस कोटी पौंडांच्या वर गेले. दुधाची भुकटी करणारी यंत्रे अंड्यांकडे वळविण्यात आली आणि नवे कारखाने सरकारी मागणीच्या भरवशावर उभारण्यात आले. ब्रिटनमध्ये १९४२ पासून शिधापत्रिकेवर ही भुकटी घरोघर मिळू लागली.

या काळात सरकार हेच एकमेव मोठे गिऱ्हाईक असल्यामुळे हमीचा प्रश्नही सरकारनेच आपल्या अटींनी सोडविला. ओलावा किती असावा, विरघळण्याची क्षमता किती असावी, हे खरेदीच्या करारात लिहिले जाई. परंतु एक उणीव राहिली. भुकटी तयार होताना सर्व जंतू मरतातच असे नाही, हे त्या वेळी पुरेसे जाणले गेले नव्हते. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अमेरिकन भुकटीत साल्मोनेला जातीचे जंतू आढळल्याचे आणि त्या देशात पूर्वी क्वचित दिसणारे त्यांचे काही प्रकार युद्धकाळात पसरल्याचे दाखविण्यात आले. कामकरी स्त्रीच्या नाकाला नासके अंडे कळत होते. साल्मोनेला कळत नव्हता. त्या जंतूने दूषित झालेल्या अंड्याला वास येत नाही.

युद्ध संपल्यावर मागणी ओसरली, तथापि अंड्यांचे भाव सावरण्यासाठी सरकार भुकटी विकत घेतच राहिले. त्यातील काही साठा कॅन्ससमधील ॲचिसन येथील चुनखडीच्या खाणीच्या गुहांत ठेवण्यात आला होता. युद्धकाळी उभारलेल्या कारखान्यांपैकी जे तगले, ते तयार केक-मिश्रणे, नूडल्स व मिठाई करणाऱ्या मोठ्या खाद्य-कंपन्यांचे पुरवठादार झाले. अंडी फोडणारी व बलक वेगळा करणारी यंत्रेही याच काळात प्रचारात आली.

त्याहूनही मूलगामी बदल कोंबड्यांच्या घरात झाला. कृत्रिम प्रकाश व वर्षभर चालणारी उबवणी यांमुळे अंड्यांचा हंगाम नाहीसा झाला. वसंत ऋतूतील पूर आटला, आणि त्या पुरावर जगणाऱ्या उद्योगाला आता बारमाही पुरवठ्यासाठी उत्पादकांशी करार करणे भाग पडले.

६. १९७० चा कायदा

साल्मोनेलावरील उपाय उष्णता हा होता. परंतु अंडे हे दूध नव्हे. अंड्याचा पांढरा भाग साठ अंशांच्या अलीकडेच गोठू लागतो. त्यामुळे जंतू मरावेत पण अंडे शिजू नये, अशी फार अरुंद मर्यादा सांभाळावी लागते. ब्रिटनने १९६३ च्या नियमांनी द्रव अंड्यासाठी ६४.४ अंश सेल्सिअस व अडीच मिनिटे हे प्रमाण ठरविले. अमेरिकेत १९६६ मध्ये पाश्चरीकरण आवश्यक झाले व अखंड द्रवासाठी ६० अंश सेल्सिअस व साडेतीन मिनिटे हे प्रमाण रूढ झाले.

या दोन आकड्यांतील भेद केवळ तांत्रिक नाही. ब्रिटिश तापमानाला बलकातील अमायलेझ हे विकर नष्ट होते. म्हणून तयार मालाचा नमुना तपासून पाश्चरीकरण झाले की नाही, हे नंतरही सांगता येते. अमेरिकन तापमानाला ते टिकते. त्यामुळे ती कसोटी तेथे लागू पडत नाही. हमी मालात शोधता येत नसेल, तर ती माल तयार होत असतानाच घ्यावी लागते. तापमानाची नोंद करणारे यंत्र, द्रव ठरावीक वेळ उष्ण ठेवणारी नळी व प्रत्यक्ष हजर असलेला निरीक्षक यांचे अमेरिकन व्यवस्थेत एवढे महत्त्व का, याचे एक कारण यात सापडते.

२९ डिसेंबर १९७० रोजी अंडी-उत्पादने तपासणी कायदा मंजूर झाला. तोपर्यंत सरकारी तपासणी ऐच्छिक होती. १ जुलै १९७१ पासून ती प्रक्रिया-कारखान्यांना सक्तीची झाली आणि काम चालू असताना निरीक्षकाची उपस्थिती आवश्यक ठरली. या कायद्याने अंड्यांचीही प्रतवारी केली. ज्यांच्या कवचाला तडा गेला आहे पण आतील पापुद्रा शाबूत आहे, ती अंडी व मळकट अंडी यांना मुख्यतः तपासणी असलेल्या कारखान्याचीच वाट मोकळी राहिली. पापुद्रा फाटून गळणारी अंडी व उबवणी यंत्रातून परत आलेली अंडी माणसाच्या अन्नातून बाद झाली. ती रंगवून किंवा अन्य रीतीने खाण्यास निरुपयोगी करावी लागत.

लहान कारखानदाराच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर होता. पाश्चरीकरणाची यंत्रणा, प्रयोगशाळेच्या चाचण्या आणि कायद्याला मान्य होईल अशी इमारत यांचा खर्च दिवसाला थोडी अंडी फोडणाऱ्यावर जड पडे. अनेकांनी धंदा सोडला. त्यांच्यापैकी सर्वच जण बेफिकीर होते असे मानण्याचे कारण नाही. हमीची किंमत त्यांच्या आवाक्याबाहेर गेली होती, एवढेच म्हणता येईल. सार्वजनिक आरोग्याचे रक्षण व लहान धंद्याचे रक्षण ही दोन इष्ट ध्येये येथे परस्परविरोधी ठरली, आणि पहिल्याची निवड झाली. ती चुकीची होती असे आज कोणी म्हणणार नाही. परंतु तिचे मोल कोणी दिले, हे इतिहासकाराने नोंदविले पाहिजे.

७. कवचाचाही भरवसा सरला

१९८० नंतरच्या दशकात एक अनपेक्षित गोष्ट घडली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोगपरिस्थितीविषयक अभ्यासाने असे दाखविले की, ईशान्येकडील राज्यांत वाढलेल्या साल्मोनेला एन्टेरिटिडिस या जंतूच्या साथींमागे स्वच्छ, अखंड, उत्तम प्रतीची अंडीच होती. हा जंतू कोंबडीच्या शरीरातूनच, कवच तयार होण्यापूर्वी, अंड्यात शिरू शकतो. निसर्गाची मोहोरही विश्वासास पात्र राहिली नाही. परिणामी रुग्णालये, वृद्धाश्रम व उपाहारगृहे पाश्चरीकृत द्रवाकडे वळली. एके काळी ज्या मालाकडे संशयाने पाहिले जाई, तोच अधिक सुरक्षित गणला जाऊ लागला.

याच सुमारास थंड अवस्थेत अनेक आठवडे टिकणारा द्रव तयार करण्याची पद्धत नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठातील संशोधनातून पुढे आली. मिनेसोटातील मायकेल फूड्स या कंपनीने तिचा व्यापारी वापर केला. तिच्या एकस्वाधिकारांवरून न्यू जर्सीतील पॅपेटीज या प्रतिस्पर्धी कंपनीशी तिचा वाद झाला आणि १९९७ मध्ये मायकेल फूड्सने तीच कंपनी विकत घेतली. २०१४ मध्ये मायकेल फूड्स स्वतः पोस्ट होल्डिंग्ज या मोठ्या समूहात विलीन झाली. विकत घेणारेही तितकेच मोठे होते. २०२३ मध्ये शिकागो येथील न्यायालयात चार प्रसिद्ध खाद्य-कंपन्यांच्या फिर्यादीवर ज्यूरीने निर्णय दिला की, काही मोठे अंडी-उत्पादक व त्यांच्या संघटना यांनी २००० नंतरच्या दशकात पुरवठा मर्यादित ठेवण्याचा कट केला होता.

८. दोन प्रवाह

आजच्या उद्योगाचे ढोबळ मानाने तीन थर दिसतात. काही कारखाने कोंबड्यांच्या शेडनाच जोडलेले आहेत. अंडे पट्ट्यावरून थेट फोडणी-यंत्राकडे जाते व ते दुकानात जाण्याचा प्रश्नच येत नाही. काही कारखाने बाहेरून करारावर किंवा बाजारातून अंडी घेतात. तिसऱ्या थरातील कारखाने दुसऱ्यांकडून द्रव घेऊन तो वाळवतात किंवा त्यापासून शिजविलेले पदार्थ करतात. पहिल्या थराचे महत्त्व वाढत गेले, आणि ज्या शेतांवरील सर्व अंडी फोडण्यासाठीच असतात अशी शेते निर्माण झाली.

या रचनेची परीक्षा नजीकच्या काळात दोनदा झाली. २०१५ मध्ये पक्षी-ज्वराच्या साथीत सुमारे पाच कोटी पक्षी मेले किंवा मारावे लागले. आयोवा राज्य, जेथे फोडण्यासाठीच्या अंड्यांचे उत्पादन विशेष केंद्रित होते, त्यात सर्वाधिक होरपळले. द्रव अंड्यांचे भाव भडकले आणि नेदरलंड्समधून अंडी-उत्पादने आयात करण्यास सरकारने अनुमती दिली.

२०२० च्या वसंतातील प्रसंग याच्या नेमका उलट होता. कोविडच्या साथीमुळे उपाहारगृहे व शाळा बंद झाल्या. दुकानांत अखंड अंड्यांसाठी रीघ लागली व त्यांचे भाव काही आठवड्यांत कित्येक पटींनी वाढले. त्याच वेळी फोडणी-कारखान्यांना गिऱ्हाईक उरले नाही. काही कारखाने बंद ठेवावे लागले आणि त्यांच्यासाठी अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे कळप मारण्यात आले. एकीकडे अंडे मिळत नव्हते, दुसरीकडे ते नकोसे झाले होते. फोडण्यासाठी असलेल्या शेतांवर प्रतवारी करून लहान खोक्यांत भरण्याची सोयच नव्हती. त्या अंड्यांना दुकानाचा रस्ता खुला व्हावा म्हणून सरकारला वेष्टन व लेबलाचे नियम तात्पुरते शिथिल करावे लागले. एकोणिसाव्या शतकात जो धंदा अखंड अंड्यांच्या व्यापाराचा सांडवा होता, तो आता इतका स्वतंत्र प्रवाह बनला होता की मूळ पात्रात पाणी परत नेण्यास वाट उरली नव्हती.

त्याच वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, तपासणीच्या पद्धतीतही बदल झाला. कारखान्याने आपल्या कृतीतील धोक्याची ठिकाणे स्वतः निश्चित करून तेथील नियंत्रणाची लेखी नोंद ठेवावी, असे बंधन घालण्यात आले. आणि निरीक्षकाच्या सततच्या उपस्थितीऐवजी प्रत्येक पाळीत एकदा त्याची भेट पुरेशी मानण्यात आली. म्हणजे १९७० मध्ये सरकारने आपल्याकडे घेतलेल्या हमीचा काही भाग पुन्हा कारखानदाराकडे सोपविण्यात आला.

वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, कामकरी स्त्रीचे नाक, प्रयोगशाळेचा तक्ता, खरेदीदार सरकारची अट, निरीक्षकाची उपस्थिती आणि कारखान्याची नोंदवही या क्रमाने फुटलेल्या अंड्याची हमी हातोहात फिरत आली आहे. तंत्र, जकात व युद्ध यांनी या उद्योगाच्या आकाराला वेळोवेळी वळण दिले हे खरे. पण त्यात कोण टिकणार व कोण बाहेर पडणार, हे बहुधा हमीचा खर्च कोणाला पेलतो यावरून ठरले. २०२० चा नियम हा या क्रमातील अखेरचा टप्पा मानण्याचे कारण नाही. पिओरियाच्या कोठारातील पन्नास डब्यांत काय आहे हे पाहण्याचा अधिकार न्यायालयाने १९११ मध्ये मान्य केला. ते पाहण्याचे काम रोज, प्रत्येक डब्यासाठी, कोणी करावयाचे, याचा निर्णय मात्र प्रत्येक पिढीला नव्याने करावा लागला आहे.